मावशीची कंबर आणि म्हशीचा ओटा

मावशीच्या म्हशीला मावशीशिवाय दुसऱ्याचा हात चालत नसे. दुसरं कोणी धारेला बसलं की ती पान्हा चोरायची, म्हणजे कासेत दूध असूनही सोडायची नाही, आणि फार चिकाटी धरली तर बादलीला पाय लावायची. एरवी घरात ही गोष्ट कौतुकाने सांगितली जायची. चारा छावणीच्या वर्षी तीच अडचण होऊन बसली, कारण त्या वर्षी मावशीची कंबर गेली.

छावणी वडवणीच्या बाहेर एका पडीक रानात होती. पाऊस सलग हुकला होता, गावात वैरण उरली नव्हती, आणि तालुक्यातल्या एका सोसायटीने ती छावणी चालवायला घेतली होती. जनावरांबरोबर घरातलं कोणीतरी तिथेच राहायचं. हिरव्या जाळीच्या सावलीत दावणी, दावणीमागे बाज, बाजेखाली डबा आणि कळशी, अशा संसारांच्या रांगा होत्या. सकाळी उसाच्या वाढ्यांचा ट्रॅक्टर यायचा आणि दुपारी पाण्याचा टँकर. मावशीची मुलगी सासरी गेलेली, त्यामुळे घराला कुलूप लावून मावशी आणि काका, म्हणजे तिचे यजमान, दोघंही छावणीवर राहायला आली होती.

मी तेव्हा बीडच्या एका दैनिकात तालुक्यांच्या बातम्या पाहायचो. छावण्यांवर सारखं जाणं व्हायचं. जनावरं किती, चारा किती, टँकर आला की नाही, एवढं बातमीत जायचं. माणसांच्या कमरेला त्या बातमीत जागा नव्हती.

म्हैस मावशीच्या नावावर होती. गावातल्या बायकांनी दूध सोसायटी काढली तेव्हा पहिल्या सभासदांत ती होती, आणि त्या सोसायटीमार्फतच म्हैस घरी आली. त्याआधी दर दसऱ्यानंतर मावशी आणि काका ऊसतोडीला जायचे. तोडलेल्या उसाची मोळी डोक्यावर घ्यायची आणि ट्रकला लावलेल्या फळीवरून चढत वर नेऊन टाकायची, हे काम तिने तरुणपणी अनेक हंगाम केलं. म्हैस आली आणि तिचं जाणं थांबलं. गावात तिची ओळख म्हशीवरून होती आणि काकांची ओळख तिच्यावरून.

सोसायटीची एक रीत होती. जिचं दूध डेअरीला चालू, तिने सभेत बोलायचं. जिचं बंद, तिने नुसतं ऐकायचं. कागदावर असं काही नव्हतं, पण बायकांनी ती रीत कडक पाळली. दुष्काळात निम्म्या बायका ऐकणाऱ्या झाल्या होत्या. मावशी अजून बोलणाऱ्यांत होती.

कंबर जुनीच दुखायची. फळीवर चढण्याच्या दिवसांपासून ते दुखणं तिच्याबरोबर होतं, पण बोलून चालून सवयीचं. छावणीत ते बदललं. धारेला उकिडवं बसलं की कमरेतून निघालेली कळ मांडीच्या मागून पोटरीपर्यंत जायची आणि मग उठता यायचं नाही. एका सकाळी ती बसली ती बसलीच. काका आणि शेजारच्या दावणीचा माणूस, दोघांनी काखेत हात घालून उचलली तेव्हा उभी राहिली. त्या दिवसापासून धारेला काका बसू लागले, मावशीचं लुगडं नेसून.

आमच्याकडे यात नवल काही नाही. बाई माहेरी गेली, आजारी पडली, तर घरातला पुरुष तिचं रोजच्या नेसणीतलं लुगडं अंगाला गुंडाळून धारेला बसतो. वास ओळखीचा आला की म्हैस पान्हा सोडते. पण ते घरच्या गोठ्यात, दार लावून. छावणीत दार नव्हतं. काका मिशीवाले, उंच, डोक्याला टापर बांधलेले. त्यांनी हिरवं लुगडं गुंडाळून पदर डोक्यावरून घेतला की चार रांगांतली माणसं चहाचे पेले घेऊन बघायला यायची.

"वैनी, जरा तोंड इकडं करा की," शेजारच्या दावणीचा माणूस म्हणायचा.

"गप बे," काका पदराआडून म्हणायचे. "दूध चोरील ती."

"तोंड बगून चोरील. मिशी काडा आदी."

म्हैस मात्र फसायची. पान्हा सोडायची. मावशी बाजेवर एका कुशीवर पडून सूचना द्यायची, आणि काका "व्हय, व्हय" करत धार काढायचे.

हे किती दिवस चालणार, हा प्रश्न होता, आणि काकांनी तो आपल्या पद्धतीने सोडवायचं ठरवलं होतं. छावणीत जनावरांचा एक व्यापारी फिरायचा. रांगेरांगेने नमस्कार करत जायचा आणि कोणाचं जनावर आटायला आलंय ते बघून ठेवायचा. काकांनी त्याला बाजेजवळ बसवून चहा दिला, तेव्हाच मावशीला कळायचं ते कळलं.

"म्हैस इकायची न्हाई," ती व्यापाऱ्यादेखत म्हणाली.

"म्हैस हाय तवर तू बसनार," काका म्हणाले. "तू बसलीस की उटनार न्हाईस. मला तू पायजे का म्हैस?"

"दोगी पायजेत म्हना की."

व्यापाऱ्याने चहा संपवला. "मी यीन परत," म्हणाला. "घाई न्हाई." त्याची खरंच घाई नसायची. दुष्काळात त्याला वाट बघणं परवडत होतं.

शेवटी दोघांत ठरलं ते असं. मावशीने मोठ्या डॉक्टरला कंबर दाखवायची. डॉक्टर धार काढायला नको म्हणाला तर म्हैस जाणार, हो म्हणाला तर राहणार. तडजोड काकांना सोपी वाटली, कारण डॉक्टर नको म्हणणार याची त्यांना खात्री होती. मावशीने एकच अट घातली की डॉक्टरकडे काका येणार नाहीत. मी न्यायचं. काका येऊन डॉक्टरच्या तोंडात शब्द घालतील, असं तिचं म्हणणं होतं.

तोवर तिचे उपचार चालू नव्हते असं नाही. बाजाराच्या गावी एक कंपाउंडर होता, तो ढुंगणावर "कमरेचं इंजेक्शन" द्यायचा. घेतल्यावर आठवडाभर माणूस ताजा व्हायचा, भूक लागायची, चेहरा गोल दिसायचा. त्यात काय असतं हे कोणी विचारत नव्हतं. मावशीने ती घेतली होती, किती ते तिला आठवत नव्हतं.

बीडचे डॉक्टर पाठीच्या कण्यात इंजेक्शन देतात, ही बातमी मात्र आम्ही बीडला निघण्याआधीच छावणीत पोचली. ज्या ज्या बाईचं बाळंतपण पोट फाडून झालं होतं, ती पाठीत दिलेल्या सुईला आजही नावं ठेवत होती. दूध सोसायटीच्या सेक्रेटरीबाई खास चार दावणी ओलांडून आल्या.

"कन्यात सुई गेली की पाय जातो," त्या म्हणाल्या. "माज्या भाच्याच्या सासूचा गेलता."

"कवा?" मावशीने विचारलं. "मागच्या जत्रंत तर पाळन्यात बसलती."

सेक्रेटरीबाईंनी पदर सावरला. "मंग ऱ्हायला आसंल. पर जानार व्हता."

आम्ही एसटीने बीडला गेलो. मावशी पूर्ण वाट उभी राहिली. कंडक्टरने तिच्यासाठी एकाला उठवलं, तर ती त्याला म्हणाली, "बस बाबा तू. बसूनच दुकतंय मला." तपासण्या, फोटो, यात एक दिवस गेला. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी फोटो दिव्यापुढे धरला आणि समजावून सांगितलं. मणक्यांच्या मध्ये गादी असते, त्यातली खालची एक बाहेर सरकली आहे, ती पायाकडे जाणाऱ्या नसेला चिकटून सूज करते आहे. ऑपरेशनची वेळ आलेली नाही. गोळ्या आणि विश्रांतीने भागलं नाही, तेव्हा त्या नसेजवळ सुई नेऊन स्टिरॉइड सोडता येईल. त्याने सूज उतरते, आणि सूज उतरली की कळ कमी होते.

"म्हंजी आमच्या कंपाउंडरचंच," मावशी म्हणाली.

डॉक्टरांनी कंपाउंडरच्या इंजेक्शनांची चौकशी केली, फार खुश झाले नाहीत, आणि म्हणाले, "औषध त्याच घराण्यातलं असेल. पण तिथे सगळ्या अंगाला पाजलं जातं. सारखं सारखं घेतलं की हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते. आम्ही थोडं देतो, दुखतं त्या नसेजवळ देतो, मशीनवर बघून देतो, आणि ऊठसूट देत नाही. ती इंजेक्शनं आता बंद."

"मंग कंबर बरी व्हती का यानं?"

डॉक्टर परभणीकडचे होते. "मावशी, तुमच्या गावात टँकर येतो?"

"रोज."

"टँकर आला म्हणजे विहिरीला पाणी लागलं का?"

"न्हाई."

"तसंच हे. काही आठवडे, काही महिने दुखणं कमी होईल. काहींना फारसा फरक पडतही नाही. पण पडला, तर तेवढ्या दिवसांत विहिरीचं काम करून घ्यायचं. व्यायाम करायचा, पाठीचे स्नायू बळकट करायचे, उठण्याबसण्याची पद्धत बदलायची. बरं वाटलं म्हणून जुनं काम जुन्या पद्धतीने केलं, तर टँकर रिकामा होणार आणि आपण तिथेच."

मावशीला हे एकदम पटलं. मला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. मग तिने तो प्रश्न विचारला ज्यासाठी ती आली होती. "धार काडता यील का?"

"म्हणजे कसं बसता तुम्ही?"

सांगण्यापेक्षा दाखवणं सोपं म्हणून मावशी केबिनच्या फरशीवर उकिडवी बसली, गुडघ्यांत बादली धरल्यासारखे हात केले, पुढे वाकली, आणि तिथेच अडकली. डॉक्टर, मी आणि बाहेरून आलेली नर्स, तिघांनी तिला उचललं. डॉक्टर घामेजले.

"हे बसणं बंद," ते म्हणाले.

"बसनं बंद," मावशीने कमरेवर हात ठेवून म्हटलं. "धार बंद आसं न्हाई ना म्हनालात?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. माझं काम ऐकण्याचं होतं.

"न वाकता, न उकिडवं बसता काढता येत असेल तर काढा," डॉक्टर म्हणाले. "पण सुई दिल्यावर आधी थोडे दिवस आराम."

"तू ऐकलंस ना?" मावशी मला म्हणाली. "जसंच्या तसं सांगायचं तिकडं."

सुईच्या दिवशी तिला पालथं झोपवलं, पोटाखाली उशी दिली. वर एक्सरेचं वाकडं मशीन होतं. दारातून मला तेवढंच दिसलं. बाकीचं तिने नंतर सांगितलं. डॉक्टर आत आल्यावर ती पालथ्यानेच म्हणाली, "जय भीम सायब, करा आता." आधी जागा बधिर केली. मग कमरेत दाब आल्यासारखं वाटलं, पायात एक ओळखीची कळ जराशी हलली आणि गेली. ती डॉक्टरांना म्हशीचं वर्णन सांगत होती, ते संपायच्या आत काम झालं. थोडा वेळ झोपवून ठेवलं आणि मग चालायला सांगितलं. ती चालली. वळली. परत चालली.

"दुकतच न्हाई," ती म्हणाली, आणि नर्सकडे संशयाने पाहिलं, जणू तिने काही काढून घेतलं होतं.

डॉक्टरांनी तिथेच बजावलं होतं. आज वाटतंय ते बधिर करणाऱ्या औषधामुळे. ते रात्रीपर्यंत उतरेल, दुखणं परत येईल, घाबरायचं नाही. खरं औषध दोनचार दिवसांनी, कधी आठवड्याने गुण दाखवतं. मी ते ऐकलं. मावशीनेही ऐकलं, पण त्या क्षणी तिला चालण्यात जास्त रस होता. छावणीच्या फाटकापासून दावणीपर्यंत ती कोणाचा हात न धरता गेली. सेक्रेटरीबाईंसमोर मुद्दाम थांबली आणि एक पाय झाडून दाखवला. "हाय ना? का गेला?"

दावणीवर मात्र वेगळाच प्रकार झाला होता. बादली उपडी होती, म्हैस तोंड फिरवून उभी होती, आणि काका बाजेवर टापर काढून बसले होते. सकाळी तिने पान्हा सोडला नव्हता. संध्याकाळीही नाही. लाथ मारून बादलीला पोचाही पाडला होता.

कारण कळायला वेळ लागला नाही. हिरवं लुगडं दावणीच्या दोरीवर वाळत होतं. स्वच्छ, निळीत घातल्यासारखं.

"हे कुनी धुतलं?" मावशीने विचारलं.

शेजारच्या दावणीचा माणूस बोलला. "वैनीनं सोताच धुतलं. टँकरचं पानी आन साबन, दोनी लावून."

"आगं, शेनानं भरलेलं व्हतं," काका म्हणाले. "चार मान्सांत कसं नेसायचं? मानूस म्हनंल, कशी बाई हाय ही."

त्या दुष्काळात छावणीत अंघोळीला पाणी पुरत नव्हतं, आणि काकांनी लुगडं धुतलं होतं, तेही बाईची अब्रू राखायला. म्हशीला जे ओळखीचं होतं तेच नेमकं साबणाबरोबर गेलं होतं. मावशी हसायला लागली. पाठीवर हात ठेवून हसली, कारण हसल्यावर दुखायचं अशी सवय होती, आणि तेव्हा दुखलं नाही म्हणून अजून हसली.

हसणं त्या रात्रीपुरतंही टिकलं नाही. बधिर करणारं औषध उतरलं आणि कळ परत आली, पूर्वीइतकीच. दुसऱ्या दिवशी छावणीने निकाल दिला. कोणी म्हणालं सुई चुकली, कोणी म्हणालं बीडला नव्हे लातूरला जायला हवं होतं. मी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, पण दुखणाऱ्या माणसाशेजारी उभं राहून सांगितलेलं असं बोलणं कोणाला खरं वाटत नाही. चेहऱ्यावर लाली मात्र आली होती. औषधाने काहींना येते, असं डॉक्टर म्हणाले होते. सेक्रेटरीबाईंचं मत होतं की कंबर गेली पण रंग उजळला.

म्हैस त्या सकाळीही अडून राहिली. कास तटतटलेली, आणि दूध निघेना. दूध असं कासेत कोंडून राहिलं की जनावर हळूहळू आटायला लागतं, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं. व्यापाऱ्यालाही. दुपारी तो आला आणि दावणीपासून जरा लांब, सावलीत बसला.

काका उठून त्याच्याकडे निघाले, तेव्हा मावशी म्हणाली, "बाज सरकवा."

"काय?"

"माजी बाज सरकवा. हिच्या तोंडाशी. आन ते लुगडं आना."

काकांनी आणि शेजाऱ्याने बाज तिच्यासकट उचलून म्हशीच्या गव्हाणीला लावली. मावशी कुशीवर पडली होती. तिचा हात म्हशीच्या मानेखालच्या सैल कातडीपर्यंत आरामात पोचत होता. तिने तिथे खाजवायला सुरुवात केली आणि रोज धारेला बसल्यावर म्हणायची तेच काहीबाही म्हणू लागली. काकांनी धुतलेलं लुगडं गुंडाळलं आणि मागे बसले.

"पदर नका घिऊ," मावशी म्हणाली. "हिला आता समदं म्हाईत झालंय."

म्हशीने मान खाली घातली. थोड्या वेळाने काकांच्या हातात पहिली धार आली. पूर्ण दूध नव्हतं, पण बादलीच्या तळाला लागून आवाज होईल इतकं होतं, आणि तो आवाज ऐकून आजूबाजूच्या दावणींवरची माणसं बोलायची थांबली. व्यापारी उठला, धोतर झटकलं आणि पुढच्या रांगेत गेला. "घाई न्हाई," असं तो त्या दिवशी म्हणाला नाही.

तशा तीनेक धारा निघाल्या, आणि एका सकाळी मावशी बाजेवरून उठून चुलीपर्यंत गेली, चहा ठेवला, आणि चहा उकळल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण दुखल्याशिवाय उठलो. तिने ते लगेच कोणाला सांगितलं नाही. दुपारपर्यंत वाट पाहिली. मग काकांना म्हणाली, "टँकर आला."

"टँकर तर रोजच येतो," काका म्हणाले.

"ह्यो दुसरा."

आता बसण्याचा प्रश्न राहिला. डॉक्टरांची दोन वाक्यं मी तोवर इतक्यांदा म्हणून दाखवली होती की रांगेतल्या सगळ्यांना ती पाठ झाली होती. वाकायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. काकांनी यावर पहिला उपाय केला तो तर्काला धरून होता. त्यांनी एक उंच स्टूल आणलं. मावशी त्याच्यावर बसली तेव्हा दिसलं की ती उंच गेली आणि कास होती तिथेच राहिली. आता तिला पहिल्यापेक्षा जास्त वाकावं लागत होतं.

"लांब हाताची बायको करायला पायजे व्हती," शेजारच्या दावणीचा माणूस म्हणाला.

"न्हाईतर बुटकी म्हैस," दुसरा कोणी म्हणाला.

"म्हैस बुटकीच हाय. म्हैस उंच पायजे."

हे वाक्य नेमकं कोणाचं, यावर नंतर पुष्कळ वाद झाला. निदान चौघांनी ते आपलं असल्याचं सांगितलं. मी तिथे होतो आणि मलाही नक्की सांगता येत नाही. पण ते बोललं गेल्यावर सगळे म्हशीकडे बघू लागले, मग जमिनीकडे, आणि मग काकांनी खोरं उचललं.

ओटा दोन दिवसांत झाला. खाली दगड, वर मुरूम, त्याच्यावर म्हशींनी खाऊन उरलेल्या वाढ्यांच्या कांड्या, आणि वरून शेणमातीचा थर. एका बाजूने चढ ठेवला. उंची मावशीला खुर्चीवर ताठ बसवून, तिचा कोपर कुठे येतो ते पाहून ठरवली. खुर्ची छावणीच्या चारा वाटप कचेरीतली होती आणि ती परत मागायला म्हणून छावणीचा मुकादम आला, तेव्हा त्याला ओटा दिसला.

"छावनीत बांधकाम चालत न्हाई," तो म्हणाला.

"बांधकाम कुटं हाय?" काका म्हणाले. "शेन हाय ते. वाळलंय."

"येवडं उंच?"

"लई दिसाचं हाय."

मुकादमाने ओट्याभोवती एक चक्कर मारली. मग विचारलं, कंबर कोणाची, आणि ऐकल्यावर आपल्या आईचीही दुखते म्हणाला. खुर्ची त्याने परत नेली नाही.

म्हैस चढेना, हा शेवटचा अडथळा. पुढून ओढली, मागून ढकलली. ती चढाच्या पायथ्याशी चारी पाय रोवून उभी राहिली. तेव्हा मावशी उठली, वाढ्यांची एक लहान पेंडी काखेत घेतली आणि स्वतः हळूहळू चढून वर गेली. म्हैस तिच्यामागे गेली. वर पोचल्यावर मावशीने तिच्यापुढे पेंडी टाकली आणि खाली उतरून खुर्चीवर बसली. तिची पाठ सरळ होती आणि कास हाताशी.

"मी सारा जलम फळीवर चडले," ती बादली मांडीशी घेत म्हणाली. "आता हिची पाळी."

त्या संध्याकाळी म्हशीने सगळं दूध सोडलं. काकांनी लुगडं घडी करून बाजेखाली ठेवलं आणि शेजाऱ्याला म्हणाले, "चला, सुटलो." शेजारी म्हणाला, तुमी बरे दिसत व्हता.

दाखवायला बीडला गेलो तेव्हा मी मोबाइलवर ओट्याचा फोटो नेला होता. डॉक्टरांनी तो मोठा करून पाहिला, नर्सला दाखवला, आणि मग मावशीला पाठीवर निजून करायचे व्यायाम परत एकदा करून दाखवायला लावले. ते ती छावणीत रोज करत होती. आधी एकटी करायची, मग सेक्रेटरीबाई शेजारी चादर टाकून आडव्या होऊ लागल्या, कारण सोसायटीचं बोलणं तेवढ्या वेळात उरकायचं. पुढची सभा छावणीतच झाली आणि बायका पाठीवर निजून, एक गुडघा पोटाशी धरून ठराव करत होत्या, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ते बातमीत लिहिलं होतं. डेस्कने काढलं.

पाऊस झाला आणि छावणी मोडली. म्हैस घरी आली. पहिल्या संध्याकाळी मावशी गोठ्यात खुर्ची घेऊन गेली तर म्हैस सपाट जमिनीवर उभी राहून इकडेतिकडे बघत राहिली आणि तिने पान्हा सोडला नाही. मावशीने मानेला खाजवलं, बोलून पाहिलं. म्हशीने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि जवळच्या उकिरड्याच्या चढावर जाऊन उभी राहिली.

काकांनी तेव्हा विटा आणल्या. हा ओटा पक्का, सिमेंटचा झाला, आणि चढाला खाचा पाडल्या, म्हणजे पावसात पाय घसरू नये. त्या थंडीत कंबर परत थोडी बोलू लागली. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की पूर्वीसारखी नाही, दुसरी सुई आता लागणार नाही, व्यायाम सोडू नका. तिने सोडले नाहीत. डेअरीला दूध चालू राहिलं आणि सभेत ती बोलत राहिली, पूर्वीपेक्षा जरा जास्तच, असं सेक्रेटरीबाईंचं म्हणणं.

व्यापारी एकदा गावात आला होता. मी दारात होतो. त्याने गोठ्याकडे मान वळवून म्हशीची चौकशी केली. काका ओट्यावरचं शेण काढत होते.

"इकायचीये का?" व्यापाऱ्याने विचारलं.

"न्यायची तर ने," काका खोरं न थांबवता म्हणाले. "पर वट्यासकट न्यावी लागंल. आन खुर्चीसकट. आन खुर्चीवर बसल्याली सोडनार न्हाई मी."

आतून मावशीने विचारलं कोण आलंय, आणि चहा टाकू का.